काल्पनिक मेट्रो नकाशा खरा कधी वाटतो? पुण्याच्या एका नकाशाच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने २०५० सालच्या पुण्याचा काल्पनिक लोकल-मेट्रो नकाशा काढलाय. १४ मार्गिका, २३० स्थानकं. मित्रांनी वाहवा केली, पण एकाने "ही रांगोळी झाली, नकाशा नाही" असं म्हटलं आणि ते लागलं. आता नकाशा खरा वाटावा म्हणून काय करायचं आणि कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं, असं या विद्यार्थ्याने विचारलंय.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकते. रेखाचित्रांसाठीचं इंकस्केप फुकट आहे आणि पुरेसं आहे. जमिनीचं माप हवं तिथे क्यूजीआयएस हे खऱ्या मापाच्या नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या आणि खाली ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा थर टाका. तुमची अडचण या दोन्हींपैकी कशानेही सुटणार नाही.

मी पोटासाठी स्थानकांमधले दिशादर्शक फलक आणि मार्गांचे नकाशे आखते, त्याला सतरा वर्षं झाली. नसलेल्या गाड्यांचे नकाशे काढण्याची हौस त्याहून जुनी आहे. सातवीत भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर मी कात्रज-भोर-महाबळेश्वर रेल्वे काढली होती. मध्ये डोंगर आहेत ही माहिती त्याच वहीच्या पुढच्या पानांवर होती, पण तिकडे कोण बघतंय! त्यामुळे पुढे जे बोलणार आहे ते तुमची चेष्टा म्हणून घेऊ नका. यातली प्रत्येक चूक मी स्वतः केलेली आहे.

रांगोळीचा शेरा मला बरोबर वाटतो. आपण आधी ठिपके मांडतो, मग ते शोभेल तसे जोडतो. तुम्ही तेच केलंय. हिंजवडी, मगरपट्टा, खराडी, चाकण, कात्रज हे ठिपके मांडले आणि त्यांच्यामधून सुंदर वळणं काढली. पण नकाशावरची रेघ म्हणजे दर अमुक मिनिटांनी येणारी एक गाडी. ती कुणासाठी येते, कुठून भरते, कुठे रिकामी होते, रात्री कुठे झोपते, या प्रश्नांना तुमच्या रेघांकडे उत्तर नाही. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण जाणवतं. म्हणून तो "रांगोळी" म्हणून मोकळा होतो.

अर्थात नकाशा कशासाठी काढलाय यावर बरंच अवलंबून आहे. खोलीच्या भिंतीवर लावायला देखणं चित्र हवं असेल तर माझं पुढचं काही वाचू नका, १४ काय, २० मार्गिका काढा. "१९२५ साली पुण्यात उपनगरी रेल्वे आली असती तर" असा खेळ असेल तर नियम वेगळे, कारण तेव्हाचं शहर वेगळं. पण तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की नकाशा पाहून कुणीतरी "अरे, हे होऊ शकतं की" असं म्हणावं ही तुमची इच्छा आहे. तसं असेल तर बसा निवांत.

पहिली गोष्ट, तुम्ही सुरुवातच तिरक्या-सरळ रेघांच्या आराखड्याने केलीत. फक्त आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या रेघा, ठिपक्यांमध्ये सारखं अंतर. ही पद्धत हॅरी बेकने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी रूढ केली. त्याचा नकाशा १९३३ साली छापला गेला आणि जगभर त्याची नक्कल झाली. पण बेकच्या हाताशी चालू असलेली रेल्वे होती. अंतरं खोटी दाखवली तरी गाड्या खऱ्या अंतरावरच धावत होत्या. आपल्याकडे गाडीच नाही. त्यामुळे ही पद्धत प्रवाशाच्या आधी आपल्यालाच फसवते. तुमच्या नकाशात शिवाजीनगर ते जिल्हा न्यायालय आणि चाकण ते राजगुरुनगर ही दोन अंतरं बोटाच्या एकाच पेरात मावतात. एक आहे चालत जाण्याजोगं, दुसरं आहे दहा-बारा किलोमीटरचं. म्हणून आधी खऱ्या मापाचा, कुरूप, वेडावाकडा नकाशा काढा. रेखीव आराखडा सगळ्यात शेवटी.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मार्गिका काढण्याआधी माणसं काढा. मी एका कागदावर दहा-बारा प्रवास लिहिते. धायरीच्या काकू, गुडघे दुखतात, ससूनला जायचंय. हडपसरचा कामगार, चाकणला सकाळी सातची पाळी. वारज्यातला मुलगा, हिंजवडीत नोकरी. येरवड्याहून मंडईत भाजी घ्यायला येणारी बाई, परत जाताना दोन जड पिशव्या. मग प्रत्येकाला नकाशावरून चालवते आणि किती वेळा गाडी बदलावी लागते ते मोजते. माझ्या हिशोबात एकदा गाडी बदलणं म्हणजे दहा मिनिटांचा दंड, प्रत्यक्ष घड्याळात चारच मिनिटं लागली तरी. तुमच्या नकाशावर मी काकूंना चालवून पाहिलं. ससूनला पोचायला तीन वेळा उतरावं लागलं. १४ मार्गिका असूनही काकू रिक्षानेच जाणार. उलट तुमच्या नकाशात बाणेरहून बावधनला जायला चार वेगवेगळे रस्ते आहेत, आणि तिकडे जाणारा माणूस माझ्या यादीत एकही सापडला नाही. असेल म्हणा एखादा.

तिसरी गोष्ट गाड्यांची मोजणी. ही युक्ती मला एका निवृत्त वेळापत्रकवाल्यांनी शिकवली आणि तेव्हापासून माझे अर्धे नकाशे कचऱ्यात गेले. तुमची लाल मार्गिका घ्या, चाकण ते खडकवासला. स्वारगेटमार्गे ती साधारण ४८ किलोमीटर भरते. थांबे धरून मेट्रोचा सरासरी वेग ताशी ३० ते ३५ किलोमीटर पडतो. ३३ धरा. एका बाजूचा प्रवास ८७ मिनिटं. जाऊन-येऊन १७४, दोन्ही टोकांना वळायला पाच-पाच मिनिटं, म्हणजे १८४. तुम्ही लिहिलंय "दर ४ मिनिटांनी". १८४ भागिले ४, ४६ गाड्या. दुरुस्तीला उभ्या असतात त्या वेगळ्या. आता तुलना करा. पुणे मेट्रोच्या पहिल्या दोन्ही मार्गिकांना मिळून सुरुवातीला तीन-तीन डब्यांच्या ३४ गाड्या मागवल्या होत्या. तुमची एकटी लाल रेघ त्याहून जास्त खाते, आणि अशा १४ आहेत.

याच हिशोबात फाट्यांचं गणित येतं. तुम्ही निळ्या मार्गिकेला वाकडनंतर तीन फाटे फोडलेत. मुख्य मार्गावर चार मिनिटांनी गाडी असेल तर प्रत्येक फाट्यावर ती बारा मिनिटांनी येणार. टोकाला राहणाऱ्या माणसाला नकाशात तुमची जाड निळी रेघ दिसते आणि फलाटावर बारा मिनिटं उभं राहावं लागतं. म्हणून फाटा काढलात तर रेघ बारीक करा. नकाशाने खरं बोलावं, एवढंच.

आणि डेपो! काल्पनिक नकाशात डेपो कुणीच काढत नाही. मीही काढत नव्हते. गाड्या रात्री उभ्या कुठे राहणार? शहराच्या आत इतकी मोठी सपाट जागा मिळवणं हा मार्गिकेइतकाच अवघड प्रश्न असतो. वनाजचा डेपो कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आहे, रेंजहिल्सचा कृषी महाविद्यालयाच्या जमिनीवर. तुमच्या प्रत्येक मार्गिकेसाठी अशी एक जागा बोटाने दाखवता आली पाहिजे. नाही दाखवता आली तर ती मार्गिका दुसरीला जोडा.

इथवरचं एका दमात सांगायचं तर आधी खरं माप, मग माणसांचे प्रवास, मग गाड्या आणि त्यांची झोपायची जागा. यातून जेवढ्या रेघा उरतील तेवढ्याच पुढे न्यायच्या. आता जमिनीकडे वळू.

पुण्यात रूळ आधीपासून आहेत हे तुमचा नकाशा जवळजवळ विसरूनच गेलाय. खंडाळ्याकडून पुण्याला रेल्वे आली १८५८ साली. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते. पूर्वेला दौंडचा मार्ग आहे, दक्षिणेला जेजुरी-साताऱ्यावरून मिरजेचा. नुसता नकाशा बघा: लोणावळा, तळेगाव, देहूरोड, चिंचवड, खडकी, शिवाजीनगर, पुणे, हडपसर, लोणी, उरुळी, यवत, दौंड. शहराच्या आरपार जाणारी एक सलग रेघ आयती पडलेली आहे. अडचण रुळांची नसून रुळांवरच्या गर्दीची आहे. त्याच दोन रुळांवरून लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या जातात, त्यामुळे लोकलला जागा मिळत नाही. लोणावळा मार्गावर तिसरा-चौथा रूळ हवा ही मागणी म्हणूनच जुनी आहे. २०५० चा नकाशा काढताना माझी पहिली रेघ हीच असती, चार रुळांची आणि दर दहा मिनिटांनी लोकल असलेली. तुमच्या नकाशात ही रेघ राखाडी, बारीक आणि तुटक आहे, जणू काही लाज वाटल्यासारखी.

जमिनीच्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. तुमची फिकट निळी मार्गिका एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, आवारातून सरळ जाते. धाडस आवडलं, पण लष्कराच्या जमिनीला वळसा घाला. पुणे, खडकी आणि देहूरोड अशा तीन छावण्या आहेत, आणि लोहगावच्या विमानतळाजवळ उंच काही बांधायलाही मर्यादा येतात. वेताळ टेकडी आरपार भोकसायची असेल तर कागदावर भोकसा, पण त्या टेकडीवरून नुसता रस्ता न्यायचा म्हटलं तरी केवढा विरोध झाला ते आठवा. उन्नत, म्हणजे खांबांवरून जाणाऱ्या, मेट्रोला वळायला साधारण सव्वाशे मीटरची त्रिज्या लागते. पेठांमधल्या काटकोनी गल्ल्यांत ते शक्य नाही, म्हणून तर शिवाजीनगरपासून स्वारगेटपर्यंतची मेट्रो जमिनीखाली गेली आणि मुठेच्याही खालून गेली. नारायणगावकडे जाणारी जांभळी रेघ खोडदच्या अंगावरून नेऊ नका. तिथे आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० महाकाय तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. त्यांना अवकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओसंदेश ऐकायचे असतात. पुणे-नाशिक रेल्वेचा आधीचा आखलेला मार्ग याच कारणावरून अडला.

एका ठिकाणी मात्र थांबते, कारण हे पुस्तकात सापडत नाही. लकडी पुलावरून, म्हणजे संभाजी पुलावरून, मेट्रो आडवी जाते. २०२१ साली तिथे तुळया चढवायच्या वेळी गणेश मंडळांनी आक्षेप घेतला. विसर्जनाचे उंच रथ या पुलावरून जातात, ते मेट्रोखालून जाणार कसे? बाहेरगावच्या आराखडाकाराला हे हास्यास्पद वाटेल. पण वर्षातला एक दिवस त्या पुलाचा मालक वेगळा असतो, हे पुण्यात राहणाऱ्याला कळतं. तुमच्या नकाशावर अशी दोन-तीन ठिकाणं तुम्ही ओळखून बाजूला सरकलात, तर तो नकाशा परक्याने काढलेला वाटणार नाही. पालखीचे रस्ते, मंडईचा परिसर, जुन्या बाजाराचा रविवार. यादी तुमची तुम्ही करा.

वर्तुळाकार मार्गिकेबद्दल तुम्ही खास विचारलंय. प्रत्येक काल्पनिक नकाशात वर्तुळ असतं, ते फार छान दिसतं म्हणून. पुण्याचं सरकारी वर्तुळसुद्धा आहेच. १९८७ च्या विकास आराखड्यात एचसीएमटीआर (हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट) नावाचा, सुमारे ३६ किलोमीटरचा वळसा दाखवलाय. म्हणजे तुमच्या-माझ्या आधी महापालिकेनेच काल्पनिक नकाशा काढून ठेवलेला आहे. तुम्ही नवं वर्तुळ काढण्यापेक्षा तेच घ्या, कारण त्याची जागा निदान कागदावर तरी राखलेली आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. वर्तुळाला टोक नसतं, त्यामुळे उशीर झालेल्या गाडीला सावरायला जागा नसते. एक फेरी ६५ मिनिटांची धरली तर सकाळी आठला लागलेला उशीर संध्याकाळपर्यंत गोल-गोल फिरत राहतो. मी वर्तुळ नेहमी कुठेतरी तोडते आणि घोड्याच्या नालेसारखं करते. दिसायला थोडं उणं, चालायला बरं.

आता गाडी बदलायच्या स्थानकांबद्दल. तुम्ही अशी ४१ गोल चिन्हं काढलीत. एकेका चिन्हाला विचारा, इथे माणूस नेमका किती चालणार आणि किती चढणार? जिल्हा न्यायालय स्थानक घ्या. एक मार्गिका जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आणि दुसरी रस्त्याच्या वर, उन्नत. नकाशावर तो एक ठिपका आहे. पायांना तो ठिपका नाही, अनेक सरकत्या जिन्यांची चळत आहे. मुंबईचं दादर घ्या. मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट तिथे अगदी शेजारी-शेजारी, पण दोन्हीकडे फलाट क्रमांक एकपासून सुरू व्हायचे. "तीन नंबरवर ये" म्हटलं की समोरचा दुसऱ्याच तीन नंबरवर. अखेर २०२३ च्या डिसेंबरात मध्य रेल्वेने आपले फलाट आठपासून मोजायला घेतले. सांगायचं एवढंच की अदलाबदल ही चिन्हाने होत नाही, पूल, जिने आणि नंबर यांनी होते. मी दोन चिन्हं वापरते. एकाच इमारतीत बदल असेल तर भरीव गोल. रस्ता ओलांडून, पुलावरून जावं लागत असेल तर दोन गोल आणि मध्ये बारीक दांडी. तुमच्या ४१ पैकी निम्म्यांना दांडी येईल असा माझा अंदाज आहे.

अक्षरांबद्दल बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण माझी भाकरी त्यावर चालते. तुम्ही सगळी नावं आधी इंग्रजीत बसवलीत आणि मग मराठी नावं त्याच जागेत कोंबलीत. देवनागरीला वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा लागते, त्यामुळे ओळी जास्त सुट्या ठेवाव्या लागतात. ४५ अंशांत तिरकी नावंही देवनागरीत वाईट दिसतात. शिरोरेषा एक वेगळीच मार्गिका असल्यासारखी भासते, विशेषतः रेघ आणि अक्षर एकाच रंगात असतील तर. शक्यतो नावं आडवी ठेवा आणि त्यासाठी रेघेला वळण द्या. मी मराठी नाव आधी लावते, मग आराखडा. फॉन्ट म्हणून 'मुक्त' (Mukta) नावाचा घ्या, बारीक आकारातही तो स्वच्छ वाचता येतो. आणि छापायला देताना अक्षरांचं रूपांतर आकारात करूनच द्या. माझ्या पहिल्या मोठ्या नकाशात छपाईच्या यंत्रावर ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या डावीकडे यायच्या त्या उजवीकडे जाऊन बसल्या. पिंपरी आणि चिंचवड दोन्ही वाचता येईनात. सहा फुटी कागद होता, दोनशे प्रती. त्या प्रतींच्या मागच्या बाजूवर माझ्या भाचीने पुढची दोन वर्षं चित्रं काढली.

रंगांचं थोडक्यात सांगते. लाल आणि हिरवा वेगळा न दिसणारे पुरुष तुम्हाला वाटतात त्याहून जास्त आहेत. म्हणून रंगासोबत मार्गिकेला क्रमांकही द्या, आणि तो रेघेवरच लिहा. नद्या मात्र दाखवायलाच हव्यात. न्यूयॉर्कचा १९७२ चा प्रसिद्ध रेखीव नकाशा लोकांना पचला नाही, त्याचं एक कारण म्हणजे सेंट्रल पार्क त्यात चौकोनी झालं होतं आणि पाणी पाण्यासारखं दिसत नव्हतं. १९७९ साली तो बदलावा लागला. पुणेकर नदीच्या अलीकडे-पलीकडे याच भाषेत पत्ता सांगतो. मुळा, मुठा, संगम, पवना एवढं दाखवा. हवं तर पर्वतीचा छोटा त्रिकोण. डोळ्याला टेकायला जागा मिळते.

मी तुमच्या जागी असते तर काय ठेवलं असतं? लोणावळा-दौंड लोकल, चार रुळांची. जेजुरीकडची लोकल त्याच रुळांना हडपसरआधी मिळणारी, फेऱ्या कमी, रेघ बारीक. मेट्रोच्या दोन चालू मार्गिका, कात्रज, चांदणी चौक आणि वाघोलीपर्यंत वाढवलेल्या. माण-हिंजवडीची तिसरी, २३ किलोमीटर. खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी, जी आखलेली आहेच. आणि नालेच्या आकाराचं ते अर्धवट वर्तुळ. म्हणजे सात. चाकणला मी मेट्रो नेणार नाही. तिथली ये-जा पाळीच्या वेळांना उसळते आणि मधल्या वेळात ओसरते. त्यासाठी वेगळ्या मार्गावरची बस पुरे, असं माझं मत आहे. यावर माझ्याशी भांडणारे माझ्याच कार्यालयात दोघं आहेत, तेव्हा तुम्हीही भांडू शकता.

शेवटी एक छोटी दुरुस्ती, पण ती आजच करा. मिरज मार्गावरच्या "आळंदी" स्थानकाशेजारी तुम्ही मंदिराचं चिन्ह काढून "माउली समाधी" असं लिहिलंय. ती आळंदी म्हातोबाची. ज्ञानेश्वरांची आळंदी शहराच्या दुसऱ्या अंगाला, इंद्रायणीकाठी आहे. त्याच मार्गावरचं "सासवड रोड" स्थानकही सासवडला नाही, हडपसर-फुरसुंगीजवळ आहे. मेट्रोतही नाशिक फाट्याजवळच्या स्थानकाला आधी भोसरी नाव दिलं होतं, आणि भोसरी तिथून चांगली लांब आहे. ही जुनी खोड दिसते. तुमच्या नकाशात निदान "आळंदी म्हातोबाची" असं पूर्ण लिहा. नाहीतर २०५० साली एखादा वारकरी टाळ घेऊन तिथे उतरेल, इंद्रायणी कुठे म्हणून विचारेल, आणि स्टेशनमास्तर तुमचं नाव शोधत बसेल.